मी घरात नव्हतो

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. आईला सांगायची राहून गेली — नाही, राहून गेली कसं म्हणू, सांगितलीच नाही. आज तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, की आता ऐकून कुणाचं काही बदलणार नाही म्हणून, हे माझं मलाच कळत नाही. सातवीत शाळा सोडलेला माणूस आहे मी. लिहायला बसलो की वाक्य भलतीकडेच जातं. तरी लिहितो.

सुरतेला मला भास्करभाऊनं आणलं. नव्वद साल उलटून थोडी वर्षं झाली असतील. तो आमच्याच गावचा, अकोल्याकडचा, पण नात्यानं माझा कुणी नव्हता. तिथे गोडादऱ्याच्या वस्तीत त्याची एक खोली. त्यात तो, वहिनी, त्यांची दोन लेकरं, आणि वरून मी. भिंतीकडची जागा वहिनीनं मला दिली, कारण दाराकडून डास येतात. अशा माणसांचं मी काय केलं ते सांगायचंय. पण आधी त्यांनी माझं काय केलं तेच पुन्हा पुन्हा आठवतं — मी तिथेच घुटमळतो, समजून घ्या.

भाऊनं मला लूमच्या खात्यात लावलं. कारखान्याला तिकडे खातं म्हणतात. एका खात्यातून मला हाकललं, कापडाला तेलाचे डाग पाडले म्हणून. दुसऱ्यातूनही हाकललं. दोन्ही वेळी भाऊ शेठांपुढे हात जोडून उभा राहिला आणि घरी येऊन हसत म्हणाला, "याले डाग पाडाच्या खात्यात लावा लागते आता." वहिनीही हसली. मीही हसलो. पण रात्री झोप येईना. तिसऱ्यांदा चुकलो तर? हा माणूस मला गावी पाठवून देईल — त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं, माझ्या मनातच ते बसलं होतं. गावी जाऊन करणार काय होतो मी?

भाऊ स्वतः एका कापडवाल्या शेठचा ड्रायव्हर होता. शेठची पांढरी व्हॅन चालवायचा. शेठच्या बिल्डिंगला गाडी उभी करायला जागा नव्हती, म्हणून ती रात्री आमच्याच गल्लीत असायची. गल्लीतली पोरं तिला भास्करची गाडी म्हणायची. भाऊनं कुणाची चूक दुरुस्त केली नाही. गावीसुद्धा त्याच्या घराला ड्रायव्हरचं घर म्हणत. त्याच्या घराण्यात मजुरीखेरीज दुसरं काही करणारा तो पहिलाच.

त्या व्हॅनमध्ये जळक्या तेलाचा वास यायला लागला. शेठाणी नाकाला पदर लावून बसायची. व्हॅनचं इंजिन सीटखाली असतं. इंजिनच्या पोटात जो धूर साचतो तो बाहेर हवेत न सोडता परत इंजिनात ओढून जाळायचा, यासाठी तिथे एक अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो तुंबला की आत दाब वाढतो, आणि मग इंजिन मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतं. हे सगळं मी पुढे शिकलो. तेव्हा काय ठाऊक होतं मला?

सुट्टीचा दिवस होता. भाऊनं दारासमोर गाडी घेतली, सीट उचलली. आधी इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली, फडक्यानं पुसली, पुन्हा घालून पुन्हा पाहिली. मला दाखवली. "पाह्य, काठोकाठ आहे." मी पाहिली. एवढं लक्षात ठेवा. मी दारातच, गाडीला टेकून उभा होतो, आणि पट्टीवरचं तेल माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग त्यानं तो व्हॉल्व्ह काढून माझ्या हातात दिला. "घासलेटात बुडव. हलवून पाह्य, आत वाजला पाहिजे. वाजला म्हंजे मोकळा झाला. कोरडा कर अन् दे. तेल-ग्रीस काही लावू नको, हा माग नव्हे."

आणि तो सायलेन्सर बघायला गाडीखाली शिरला.

लूमवर काम केलेल्या माणसाचे हात कसे असतात ते तुम्हाला कसं सांगू? जे हलतं त्याला वंगण. घासलेटानं धुवायचं, सुताच्या गुंत्यानं पुसायचं, ग्रीस लावायचं. हात आपोआप करतात. मी व्हॉल्व्ह धुतला, हलवला — वाजला, छान वाजला. खात्यातून आणलेल्या धाग्यांच्या गुंत्यानं आतून-बाहेरून पुसला. आणि डब्यातलं ग्रीस बोटानं आत भरलं. भाऊनं नको म्हटलेलं ते भरून झाल्यावर आठवलं.

हलवून पाहिला. आवाज नाही. काडीनं ग्रीस काढायला गेलो तर धाग्याचं टोक आत कुठेतरी अडकलेलं. ओढलं, ते तुटून आतच राहिलं.

"वाजते काय रे?" गाडीखालून भाऊनं विचारलं.

"हाओ, वाजते."

त्यानं गाडीखालून हात बाहेर काढला. मी त्या हातावर व्हॉल्व्ह ठेवला. त्यानं बाहेर येऊन तो बसवून टाकला. हलवून पाहिला नाही. मी वाजते म्हटलं होतं ना.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. हाच असता तर मी लिहायला बसलो नसतो. घाबरलेलं पोर एक खोटं बोलतं, त्याला कोण काय म्हणेल?

दोन-तीन दिवसांनी सकाळी गाडी गेल्यावर त्या जागी मला काळा डाग दिसला. ओला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि पायानं त्यावर माती लोटली. दुसऱ्या दिवशी डाग मोठा होता. माती जास्त लागली. सांगता आलं नसतं का? भाऊ अंघोळ करत होता तेव्हा, चहा पीत होता तेव्हा, चपला घालत होता तेव्हा?

त्याच आठवड्यात शेठच्या घरच्यांना घेऊन जाताना कडोदऱ्याच्या पुढे इंजिन जाम झालं. हायवेवर, भर उन्हात. गाडी ओढून आणावी लागली. मिस्त्रीनं इंजिन खोललं आणि सांगितलं, आत तेलाचा थेंब नाही. त्या व्हॉल्व्हकडे कुणी बघितलंच नाही. तेल नाही म्हणजे ड्रायव्हरनं ते घातलं नाही, किंवा विकलं. दुसरं काय असणार?

भाऊ मला खात्यातून बोलवायला आला. साक्षीला. वाटेत म्हणाला, "तू फक्त जे पाह्यलं ते सांग. बाकी मी पाहून घेतो." शेठच्या दुकानात गाद्यांवर पाच-सहा माणसं बसलेली. शेठ ओरडला नाही. कापडाचा ताका गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "गाडी तेल नथी पीती, भास्कर. माणस पीए छे." बसलेले हसले. गाडी तेल पीत नाही, माणूस पितो — भाऊला गुजराती चांगली कळायची.

भाऊ माझ्याकडे वळला. "शेठ, सुट्टीच्या दिवशी मी पट्टी पाह्यली. हा जवळच होता. सांग रे बाबू, सांग यांईले."

मी काय विचार केला ते मला स्वच्छ आठवतं. होतो म्हटलं तर विचारतील, तिथे काय करत होतास. मग व्हॉल्व्ह निघेल. मग माती निघेल.

मी म्हणालो, "मले नाही माहीत, भाऊ. मी घरात होतो."

हेच ते. हेच सांगायचं होतं.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही — रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा. शेठनं हात पुढे केला आणि भाऊनं चावी त्या हातावर ठेवली.

परत येताना तो एकच बोलला. "जेवला नसशीन तू. चाल." घरी वहिनी मला बोलायला लागली, तू होता की दारात, मी पाह्यलं तुले. तर भाऊनंच तिला थांबवलं. "पोट्टं कायले खोटं बोलन? आत असन ते. माह्याच ध्यानात नाही."

त्याला पुन्हा कुणी गाडी दिली नाही. तेल विकणारा ड्रायव्हर हे नाव शेठ लोकांत सगळीकडे पोचलं. तो माझ्याच खात्यात, माझ्या बाजूच्या लूमवर आला. मी त्याला धागा जोडायला शिकवलं. आणि त्याला एक सवय लागली. कुलूप लावून गल्लीच्या टोकाला गेला की परत यायचा, कुलूप ओढून बघायचा. स्टो विझवलाय का ते वहिनीला पुन्हा पुन्हा विचारायचा. "माह्यावर भरोसा नाही आता," म्हणायचा, हसून. लेकरंही हसायची.

मी चार वर्षं त्या खोलीत राहिलो. भिंतीकडेच झोपलो. माझं लग्नही त्यांनीच जमवलं.

पुढे तो गावी गेला, आजारी पडला. मी एकदा भेटायला गेलो. वहिनी पाणी आणायला आत गेली होती. खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "त्या दिवशी म्याच पट्टी पाह्यली नसन रे. तुले उगाच नेलं शेठपुढे."

मी म्हणालो, "असन, भाऊ. जाऊ द्या."

त्यानं मान हलवली आणि डोळे मिटले. त्यानंतर तो दोन-अडीच महिने होता. मी पुन्हा गेलो नाही.