बिनजाळीचा तुकडा

चाकोरी सोडून काहीतरी कर, असं घरी सगळे सांगायचे. मी इंजिनिअर झाले आणि रस्त्यावरच्या चाकोऱ्याच मोजत बसले.

मुरबाडहून सिद्धगडाच्या बाजूला जाणाऱ्या एका रस्त्यात, खडीच्या थराखाली, प्लास्टिकची जाड जाळी अंथरली होती. आम्ही तिला जिओग्रिड म्हणतो, गाव जाळी म्हणतं. टोकाला असलेल्या एका पाड्यापर्यंतचा शेवटचा तुकडा मुद्दाम बिनजाळीचा ठेवला होता. जाळीमुळे रस्ता किती टिकला हे सांगायला शेजारी एक साधा तुकडा लागतो. दरवर्षी थंडी ओसरताना मी जायचे, रस्त्यावर आडवी लांब पट्टी ठेवायचे आणि चाकांनी पाडलेली चाकोरी किती खोल गेली ते बघायचे.

सुरुवातीची वर्षं दोन्ही तुकडे सारखेच निघाले. माझं डोकं फिरायची वेळ आली. मग कळलं, मी यायच्या थोडं आधी, पौषात म्हसा गावची जत्रा भरते, आणि तिच्याआधी पाड्यातली माणसं मुरूम टाकून चाकोऱ्या बुजवतात.

टोकाच्या घरातली मावशी अंगणात वाल सोलत होती. तिला म्हटलं, "बुजवू नका. तुमचा तुकडा चांगला दिसला तर जाळीची गरजच नाही असं ठरेल, आणि तुम्हाला ती कधीच मिळणार नाही."

"म्हंजी रस्ता चांगला व्हायला तो खराब ठेवायचा?"

"हो."

ती हसली, मीही हसले. पण पाड्याने ऐकलं.

पुढच्या वर्षी जीपवाल्याने जाळी संपते तिथेच गाडी थांबवली. पुढे खालून घासते म्हणाला. मी चालत गेले, पट्टी ठेवली, तिच्याखाली हात घातला. अख्खा पंजा आत गेला. इतक्या वर्षांनी फरक दिसत होता, मला मनापासून आनंद झाला. "झकास आलीय," मी बोलून गेले.

मान वर केली तर मावशी समोर उभी. मागे तिची सून, दिवस भरत आलेली. तिला तपासणीसाठी मुरबाडला न्यायचं होतं, आणि जीपपर्यंत चालत जायचं होतं.

"मंग आता भरू का गो बाय?"

एका वर्षाच्या मापावर कोणी जाळी मंजूर करत नाही. अजून एक पावसाळा जायला हवा होता. सांगताना लाज वाटली, पण सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. तिने सुनेचा दंड धरला आणि दोघी चाकोरी सोडून कडेकडेने जीपकडे निघाल्या.