दोन बोटं खाली

आबांना मी हात धरून गाडीत बसवलं ते फक्त एकदा, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मिरजेच्या दवाखान्यातून तापातून उठल्यावर त्यांना घरी आणत होतो. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, पण रागवायचं होतं. रात्री जेवताना त्यांनी ताटाकडे बघत सांगितलं, "मला कुणी उचलायचं न्हाई. ज्या दिवशी उचलाल त्या दिवशी चौघांनी उचला." आई म्हणाली, जेवताना काय बोलावं याचंही भान नाही माणसाला. मी हसलो. त्या वयात मला हसायला काहीही चालायचं.

आबा, म्हणजे माझे वडील, लष्करात ट्रक चालवायचे. डोंगरातल्या एका वळणावर ट्रक कलंडला आणि त्यांचा उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. पाय होता, दिसायला धडधाकट होता, फक्त वाकत नव्हता. पेन्शन घेऊन ते पलूसजवळच्या आमच्या मळ्यात आले ते काठी टेकत, पण कुणाच्या खांद्यावर हात ठेवून नाही. चुलत्यांनी एकदा बांधावर आधार द्यायला हात पुढे केला, तर आबा तसेच उभे राहिले आणि हात मागे गेल्यावरच बांध उतरले.

मी तेव्हा माधवनगरच्या एका कापड गिरणीत कारकून होतो. दुष्काळ सरून वर्षभर झालं होतं. आबांनी एक जुनी चार दारांची गाडी घेतली होती, दुधावरच्या सायीच्या रंगाची. ती चालवणं त्यांच्या नशिबात नव्हतं, कारण ताठ पायाला ब्रेक कुठला दाबता येणार. गाडी मी चालवायचो. रोज सकाळी ते काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारत, टायरांवर काठीनं टकटक करत, वाकून खाली तेल गळलंय का बघत, आणि मग म्हणत, "चला. फिट हाय." मी गिरणीत जायच्या आधी त्यांना सांगलीत सोडायचो. एका बॅटरीच्या दुकानासमोर बाकडं होतं, तिथं त्यांच्यासारखे चार-पाच पेन्शनर जमायचे. चहा, जुन्या पलटणींच्या गप्पा, एकमेकांच्या दुखण्यांची टिंगल. दिवसभर त्यांना तेवढंच हवं असायचं. संध्याकाळी मी परत आलो की आबा बाकड्यावरून आपले आपण उठून यायचे.

चढणं मात्र त्यांना जड जायचं. उंचीनं ते बेतास बात. सीटकडे पाठ करायची, छपराच्या पन्हळीला डाव्या हातानं धरायचं, चांगल्या पायाच्या चवड्यावर उभं राहायचं आणि अंग वर ढकलायचं. तेव्हा त्यांच्या तोंडून एक आवाज यायचा. कण्हणं म्हणता येणार नाही, ओझं डोक्यावर घेताना माणूस करतो तसा. स्टिअरिंग धरून मी समोर बघत बसायचो. तो आवाज मला ऐकवत नसे. रोज दोनदा ऐकायचो.

गिरणीच्या मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आला होता. त्याच्याकडे आमच्यासारखीच गाडी होती, पण ती त्यानं शर्यतीच्या गाडीसारखी खाली घेतली होती. स्प्रिंगा आखूड, मागच्या कमानीतले लोखंडी पाटे कमी केलेले. गाडी रस्त्याला चिकटून बसल्यासारखी दिसायची. गिरणीच्या आवारात ती आली की आम्ही सगळे कारकून खिडकीशी जात असू. एकदा तो गाडीत बसताना मी नीट पाहिलं. दार उघडलं, पाठ केली आणि नुसता टेकला. ना चवडे उचलले, ना कशाला धरलं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आबांना हेच पाहिजे होतं. कुणी हात द्यायला नको आणि तो आवाजही नको.

खरं सांगायचं तर आबांचं निमित्त अर्धंच होतं. अर्धी हौस माझी होती. तशी गाडी आपल्याकडे असावी, गावात शिरताना लोकांनी मान वळवून बघावं, असं मला आत कुठंतरी वाटत होतं, आणि बापासाठी करतोय म्हटलं की त्या हौसेला सोवळं नेसवता येत होतं. हे मी तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं.

सांगलीत आमचा एक मिस्त्री होता. त्याला सांगितलं तर त्यानं टोपी मागे सरकवली. "मालक, ती पोरं हौसेनं करत्यात. तुमाला रोज गावाकडनं यायचंय. उसाच्या बैलगाड्यांनी रस्ते उखडल्यात."

मी म्हणालो, "सांभाळून चालवीन. वडिलांसाठी करतोय."

वडिलांचं नाव काढल्यावर आमच्याकडे कोण काय बोलणार. त्यानं एका मोडीत निघालेल्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा आणल्या, त्यांचा एकेक वेढा कापला आणि त्या बसवल्या. मागच्या दोन्ही बाजूंच्या कमानींतून एकेक पाटा काढला. दोन दिवस लागले. माझ्या हातांना तेलाचा वास येत होता आणि मी भलताच खुशीत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा फेरी मारायला आले आणि पुढच्या चाकाशी थांबले. टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत त्यांनी हाताची बोटं घातली. पूर्वी तिथं चार बोटं मावायची. आता दोन. ते चारही चाकांशी गेले आणि चारही ठिकाणी बोटं घालून बघितली. मग माझ्याकडे वळले.

"कुणासाठी केलं रं?"

"तुमच्यासाठी. बसून तर बघा."

आबांनी दार उघडलं, पाठ केली आणि अलगद टेकले. आवाज नाही, काही नाही. मी टाळी वाजवायचीच बाकी होती. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ब्येस. लय ब्येस झालं."

जुन्या स्प्रिंगा आणि काढलेले पाटे मिस्त्री भंगारात टाकणार होता, पण आबांनी ते घरी आणायला लावले. दर महिन्याला ते पडवीत बसून त्यांना ग्रीस फासायचे, पुन्हा गोणपाटात गुंडाळायचे आणि आपल्या कॉटखाली सरकवायचे. मी त्यांची चेष्टा करायचो. "आबा, आता युद्ध लागणार आहे का? कशाला जपताय ते लोखंड?" ते म्हणायचे, "असूं दे. खात न्हाई काय तुझं."

गावात माझं नाव झालं. पोरगा बापासाठी गाडी खाली घेतो, म्हणजे केवढी माया. आबा स्वतःच सांगायचे येणाऱ्या-जाणाऱ्याला. मी शेजारी मान खाली घालून ऐकायचो आणि आतून फुगायचो.

त्यानंतर आबा गाडीतून उतरेनासे झाले. एकदम नाही, हळूहळू. पहिल्या आठवड्यात बाकड्यापाशी गाडी थांबवली तर म्हणाले, "आज हितंच बसतो. तू चालत जा गिरणीत, जवळ तर हाय." ते काही जवळ नव्हतं. गाडी सावलीला लावून मी सायकलरिक्षा केली. मग ते रोजचंच झालं. पेन्शनर मंडळी सुरुवातीला चहाचे ग्लास घेऊन गाडीपाशी यायची, दाराला टेकून बोलायची. पण उन्हात उभं राहून किती वेळ बोलणार. ती परत बाकड्यावर जायची आणि आबा खिडकीतून त्यांच्याकडे बघत बसायचे. पुढं पुढं ते म्हणू लागले, रोज कशाला सांगली, मला घरीच राहू दे.

म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला गेलो तेव्हा त्यांनी गाडीतूनच हात जोडले. दरवर्षी काठी टेकत गाभाऱ्यापर्यंत जाणारा माणूस. आई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग एकटीच आत गेली. मी चिडलो. परतीच्या वाटेवर मी त्यांना म्हणालो, "गाडीत बसायची सोय काय केली, तुम्ही तर बूड हलवायलाच तयार नाही. असं बसून राहिलात तर दुसराही पाय ताठ होईल." असलं बरंच बोललो. तोंडाला लगाम नव्हताच मला. आबा खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "बरं वाटतं रं गाडीत."

घरी आलो की त्यांचं एक ठरलेलं असायचं. गाडी अंगणात उभी केली की म्हणायचे, "तू हो म्होरं. मी तंबाखू खाऊन येतो." मी आत जायचो, हातपाय धुवायचो, आणि पडवीत येऊन बघावं तर आबा कॉटवर टेकलेले असायचे, काठी शेजारी. त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं मला दोन वर्षांत एकदाही वाटलं नाही.

ते गेले पौषात, सकाळी, चहाचा कप हातात असताना. चौघांनी उचललं. खांदा देताना मला त्यांचं ते ताटावरचं बोलणं आठवलं.

आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं. घरातल्यांच्या अस्थी माहुलीच्या संगमावरच जातात. तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर चुलतभाऊ गाडी चालवायला बसला आणि मी त्याच्या शेजारी, आबांच्या जागेवर. त्या सीटवर मी आजवर कधी बसलो नव्हतो. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं अस्थींचं मडकं माझ्या मांडीवर होतं. ते पाण्यात सोडेपर्यंत खाली ठेवायचं नसतं. दोन्ही हातांनी मी ते धरलं होतं. कऱ्हाडच्या पुढे रस्ता खराब होता आणि प्रत्येक खड्ड्याला गाडीचं पोट खाली घासत होतं. मी मडकं छातीशी घेतलं. मिस्त्रीचं बोलणं आठवत होतं, पण त्या दिवशी त्याचंही काही वाटत नव्हतं.

संगमाजवळ गाडी थांबली. चुलतभावानं माझ्या बाजूचं दार उघडलं. मी पाय बाहेर टाकले आणि उठायला गेलो, तर उठताच येईना. दोन्ही हात मडकं धरण्यात गुंतलेले. सीट इतकी खाली की गुडघे कमरेच्या वर आलेले. पुन्हा जोर केला, अर्धा उठलो आणि मागे आदळलो. त्या वेळी माझ्या तोंडून तो आवाज निघाला. आबांचा. ओझं डोक्यावर घेताना करतात तसा.

चुलतभाऊ म्हणाला, "दादा, हात दे."

माझे दोन्ही पाय धड होते. वय तिशीच्या आत. आणि मी बापाच्या जागेवर त्याच्या अस्थी घेऊन बसलो होतो आणि उठू शकत नव्हतो. मालकाच्या मुलाला मी बसताना बघितलं होतं. तो उतरायचा कसा, ते बघायची मला बुद्धी झाली नव्हती. वीस वर्षांचा पोरगा, तो टुणकन उडी मारून बाहेर पडायचा. एका पायावर सगळं अंग तोलून वर उठायचं म्हणजे एकेक बोट किती उंच असतं, हे आबांना पहिल्याच सकाळी कळलं होतं. चार चाकांशी बोटं घालून ते तेच मोजत होते.

"दादा, हात दे ना," चुलतभाऊ पुन्हा म्हणाला. मला हात देता येत नव्हता. शेवटी त्यानं मला दोन्ही काखांत धरून उचललं. मी रडत होतो. लोकांना वाटलं, बाप गेला म्हणून.

घरी परतल्यावर मी आईसमोर बसलो. तिला सगळं सांगितलं, माहुलीला काय झालं ते. ती पदर चाळवत ऐकत होती. मग मी विचारलं, "आई, मग घरी आल्यावर ते उतरायचे कसे?"

"कोण काढत होतं वाटलं तुला?" आई म्हणाली. "तू आत गेलास की मी जायची. माज्या गळ्यात हात टाकायचं आन् उठायचं. रोज. लय लाज वाटायची त्यास्नी. उठताना डोळं मिटून घ्यायचं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"शपथ घातली हुती. म्हणायचं, पोरानं हौसेनं केलंय, बोलू नगंस."

मी कॉटखालचं गोणपाट ओढलं आणि उलगडलं. दोन स्प्रिंगा, दोन पाटे, कुठंही गंजाचा डाग नव्हता. ग्रीस अजून हाताला लागत होतं. मी एवढंच विचारायला हवं होतं की आबा, हे परत बसवू का. ते दर महिन्याला पडवीत माझ्यासमोर बसून त्याचीच वाट बघत होते, आणि मी त्यांना युद्ध कधी लागणार म्हणून विचारत होतो.