लेकरू मायपाशी नाई

आमच्या गावात कोणाकडे मयत झाली की बायका हमखास माझ्या आईचा दाखला देत. रडणाऱ्या बाईला जवळ घेऊन म्हणत, "धीर धरावा तर त्या बाईसारखा." आई तिथं बसलेली असली तर उठून घरी यायची आणि चूल पेटवायला बसायची, मग स्वयंपाकाची वेळ असो वा नसो. मला त्या बायकांचा फार राग यायचा. धीर म्हणजे काय लग्नातला आहेर आहे, चार लोकांत मांडून दाखवायला? त्यांच्यातली एकही त्या दिवशी डोंग्यात नव्हती. मी होतो.

गाव वैनगंगेच्या काठावरचं, गडचिरोलीच्या बाजूचं. नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं असतील. मी नदीपलीकडे ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकत होतो आणि पुरामुळे गावातच अडकलो होतो. वडील आधीच गेलेले. माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. तिचं सासर मूल या गावी, जावई तिथल्या भातगिरणीत कामाला. मुलगा चार महिन्यांचा झाला होता, अंगानं भरलेला, कोणाकडेही जाणारा. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपला की जावई न्यायला येणार होते.

त्या पावसात त्याला हगवण लागली. आधी सगळ्यांनी दात येत असतील म्हणून सोडून दिलं. मग उलट्या सुरू झाल्या, ताप चढला, आणि एका सकाळी पाहिलं तर त्याचे डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, रडायचं तोंड करायचा पण आवाज निघत नव्हता. गावातल्या नर्सबाईंनी हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली. ती तशीच उभी राहिली. "आत्ताच्या आत्ता ब्रह्मपुरीले न्या," त्या म्हणाल्या, "सलाईन लागल्याशिवाय हा नाई वाचत."

न्यायचं कसं? नाल्याच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, कमरेइतकं पाणी वाहत होतं, एसटी केव्हाचीच बंद. उरली नदी. पलीकडच्या काठावर एकदा पोचलं की डांबरी रस्त्यावर ब्रह्मपुरीची जीप मिळत होती.

पूर उतरणीला लागला होता, पण नदीवर अजून झाडंच्या झाडं वाहत येत होती. घाटावरचा म्हातारा ढिवर, ज्याच्या डोंग्यातून आम्ही लहानपणापासून नदी ओलांडत आलो, तो नाहीच म्हणाला. मग त्यानं बहिणीच्या खांद्यावरून वाकून लेकराकडे पाहिलं आणि वल्हं घेऊन आला.

डोंगा म्हणजे एका खोडातून कोरलेली होडी. त्यात एकामागे एक बसायचं, शेजारी शेजारी बसायला जागाच नसते. एकानं अंग टाकलं की सगळे पाण्यात. बहीण लेकरू छातीशी धरून चढायला गेली तर म्हाताऱ्यानं हात आडवा घातला.

"लेकरू मायपाशी नाई ठेवायचं, पोरी. आजीपाशी दे."

"काऊन? माह्यापाशीच राहील तो," बहीण म्हणाली.

"तर मंग मी डोंगा नाई सोडत."

बहीण त्याच्यावर ओरडली, रडली. म्हातारा दोर हातात धरून नुसता उभा. शेवटी आईला म्हणाला, "बाई, डोंगा पान्यानं नाई बुडत, मानसानं बुडते. लेकराच्या अंगावर पानी उडालं का माय उभी होते. माय उभी झाली का सारेच गेले." पूर असला की त्या घाटावरचे सगळेच ढिवर हा नियम पाळत, हे मला नंतर कळलं. तान्हं लेकरू आईच्या हातात राहू द्यायचं नाही, आणि आईला पुढं बसवायचं, तोंड पलीकडच्या काठाकडे करून, म्हणजे तिला मागचं दिसायला नको.

आईनं लेकरू काढून घेतलं. ओढूनच घेतलं म्हणा ना.

बहीण सर्वांत पुढं बसली. तिच्या मागं मी, पण उलट तोंडानं, कारण माझ्याकडे डबा दिला होता आत येणारं पाणी काढायला. माझ्यासमोर आई, मांडीवर लेकरू. तिच्या मागं म्हातारा. म्हणजे त्या सगळ्या प्रवासात आईचं तोंड फक्त मला दिसत होतं.

थोडं अंतर गेलो आणि धार लागली. डोंगा खालच्या अंगाला वाहायला लागला. म्हातारा तोंडातल्या तोंडात शिव्या देत वल्हं मारत होता. एक आख्खं झाड मुळासकट आमच्या अंगावरून गेल्यासारखं गेलं. फांदी डोंग्याला घासली, बाजू कलली आणि भस्सकन पाणी आत आलं. बहीण किंचाळली. तिचे हात डोंग्याच्या काठावर गेले, ती उठणारच होती.

"बस!" आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, पण तसा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. "हलू नको. माह्यापाशी आहे तो. कोरडा आहे."

बहीण बसली. मी वेड्यासारखा पाणी उपसत होतो. मला वाटत होतं आता आपण संपलो. मान वर केली तेव्हा आई लेकराकडे बघत होती. त्यानं मघापासून तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, ती मूठ उघडी झाली होती. आईनं त्याच्या नाकाशी बोट धरलं. मग छातीवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. मग पदर त्याच्या तोंडावर ओढून घेतला, झिमझिम पाऊस लागू नये म्हणून ओढतात तसा.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डबा हातात धरून तसाच थांबलो होतो.

"पानी काढ," ती म्हणाली.

आणि ती लेकराला थोपटायला लागली.

"माय, झोपला का?" पुढून बहिणीनं विचारलं. मान वळवायची नाही असं तिला बजावलेलं होतं, तिनं ती वळवली नाही.

"झोपला."

"रडून काऊन नाई राह्यला?"

"झोपल्यावर रडते का कोनी?"

थोड्या वेळानं पुन्हा, "माय, अंग तापलं आहे का त्याचं?"

"नाई. उतरला ताप."

नदी अजून अर्धी बाकी होती. आईचा हात थांबला नाही, एका लयीत पडत राहिला, आणि ती हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती, बहिणीला ऐकू जाईल एवढं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला तिची भीती वाटली. पुराहून जास्त वाटली, खरं सांगतो.

काठ आला तेव्हा म्हाताऱ्यानं आधी दोर बाभळीला बांधला. डोंगा चिखलात वर ओढला. बहिणीचा हात धरून तिला उतरवलं आणि पाण्यापासून चांगलं दूर, वरच्या बांधापर्यंत नेऊन उभं केलं. आईच्या मागं बसून त्याला काय दिसलं असेल कोण जाणे, पण त्याला कळलं होतं. मग आई उतरली, बहिणीपर्यंत चालत गेली. ती चिखलात बसली आणि म्हणाली, "गेला बाई तो. मंघाच गेला."

बहिणीनं तिला मारलं. दोन्ही हातांनी मारलं, डोक्यावर, पाठीवर, आणि एकच ओरडत होती, "मले काऊन नाई सांगतलं? माह्या लेकराचं मले काऊन नाई सांगतलं?" आई मान खाली घालून मार खात राहिली. मी मध्ये पडायला गेलो तर म्हाताऱ्यानं मला धरून ठेवलं.

दुपारी त्याच डोंग्यातून परतलो, दुसरी वाट नव्हतीच. चढताना बहीण आपसूक थांबली, लेकरू कोणाकडे द्यायचं म्हणून बघत राहिली. म्हातारा खाली बघत म्हणाला, "आता मायपाशी राहू द्या." आख्ख्या नदीभर तिनं बोट हलवलं नाही.

लोकांच्या तोंडी ही गोष्ट धीराची झाली. आमच्या घरात ती तशी कधीच नव्हती. बहिणीला पुढं दोन मुलं झाली, दोन्ही बाळंतपणं तिनं सासरीच केली. आई भेटायला गेली की लेकरू तिच्या मांडीवर द्यायची, आणि घटकाभरात "त्याले भूक लागली" म्हणून उचलून न्यायची. आई रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसायची. मी एकदा बहिणीला बोललो, की आईनं सांगितलं असतं तर आपण चौघंही बुडालो असतो. ती म्हणाली, "हव, माहीत आहे मले. मंग राग जाते का?"

बऱ्याच वर्षांनी, मी बल्लारपूरला नोकरीत होतो तेव्हा, आईला लकवा मारला. मी तिला क्वार्टरवर आणायच्या तयारीत होतो, तर बहीण स्वतःच जीप करून गावी गेली आणि तिला मूलला घेऊन आली. "माह्याकडेच राहील ती," एवढंच म्हणाली. तिनं आईचं सगळं केलं. भरवलं, न्हाऊ घातलं, वेणी घातली. डोंग्याचा विषय दोघींनी काढला नाही.

तोवर मोबाईल आले होते. एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. "मायचं थोडं जास्त झालं होतं, येऊन जा," ती म्हणाली. माझा आवाज चढला तशी शांतपणे म्हणाली, "आता बरं वाटून राह्यलं तिले. घाई नको करू. जेवून निघ, गाडी हळू चालव."

मी जेवलो. वरण-भात दोनदा घेतला. आमच्याकडे घरचं माणूस गेलं की माती होईपर्यंत कोणी अन्नाला हात लावत नाही. मोटारसायकल काढली आणि जंगलातून जाणाऱ्या त्या रस्त्यानं, जिथं रानडुक्कर कधी आडवं येईल सांगता येत नाही, आरामात गेलो. वाटेत चहासुद्धा प्यालो.

दारात लोक बसलेले होते. विहारातले दोघं पांढरं कापड उलगडत होते. आई पहाटेच गेली होती.

आत बहीण तिच्या उशाशी बसली होती, एक हात आईच्या कपाळावर. माझा जो संताप झाला तो आजही आठवतो. पोटातलं अन्न वर आलं. मी हेल्मेट भिंतीवर आपटलं आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "मले काऊन नाई सांगतलं?"

तिनं मान वर केली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. माझ्याकडे, माझ्या हातापायांकडे तिनं नीट बघून घेतलं.

"पोचला ना तू?" ती म्हणाली. मग सरकून तिनं उशाशी जागा केली. "ये, बस आता मायपाशी."