शिंपीदादा साक्षीला जातात

त्या दिवसांत शिंपीदादांचं बूड मशिनवर टेकत नव्हतं. बाही जोडायला घ्यायची, अर्ध्यात सोडायची, दारात जाऊन रस्ता न्याहाळायचा, परत येऊन बसायचं. चाळीस वर्षांत ज्याने एक काज तिरकं घातलं नाही, त्या माणसाने सोमवारी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या आणि वर इस्त्रीही केली.

याला कारण समोरच्या घड्याळजींचं मृत्युपत्र. घड्याळजी गेले त्याला वर्ष होत आलं होतं. बायको नाही, मूल नाही. मागे राहिली ती त्यांच्यासोबत आयुष्य काढलेली धाकटी बहीण, जिला सगळी गल्ली ताई म्हणायची. राहत्या दोन खोल्या त्यांनी ताईंना लिहून ठेवल्या होत्या. पण घड्याळजींच्या मागोमाग वारलेल्या थोरल्या भावाचा मुलगा, जो काकांच्या आजारपणात एकदाही फिरकला नव्हता, तो आता कोर्टात छाती पुढे काढून सांगत होता की काकांची सही खोटी आहे. कागदावर साक्षीदार दोन. एक होते डॉक्टर, तेही आता हयात नव्हते. दुसरे शिंपीदादा.

आणि शिंपीदादांना त्या दिवसातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

ताईंच्या वकीलबाईंनी ऑफिसात बोलावून त्यांच्यापुढे झेरॉक्स ठेवली. मूळ कागद कोर्टात जमा होता.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"घड्याळजींनी तुमच्यासमोर सही केली होती?"

दादांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. "बाई, चौदा वर्षं झाली. माझी सही मी ओळखतो. बाकी डोकं कोरं आहे."

आता बाई हळूच काय बोलायचं ते पढवतील, अशी दादांची अटकळ होती. खरं तर ते त्याचीच वाट बघत होते. बाईंनी फाईल मिटली. "आठवेल तेवढंच सांगा. एक शब्द जास्त नको."

"आणि नाही आठवलं तर?"

"तर नाही म्हणा. मृत्युपत्र टिकणार नाही, पुतण्याचा अर्धा वाटा निघेल. दोन खोल्यांचे अर्धे करायचे म्हणजे त्या विकायच्याच."

घरी बायकोला यात अडचण कसली तेच कळेना. "घड्याळजी कधी खोटं बोलले का? नाही ना? मग सही त्यांचीच असणार. तुम्ही हो म्हणा आणि मोकळे व्हा."

"अगं, शपथेवर सांगायचंय, पाहिलं म्हणून."

"मग काय डोळे मिटून साक्षीदार झाला होतात?"

दादा चहा अर्धा टाकून दुकानात आले.

त्यातून ताईंची ये-जा. पहिल्या दिवशी उशीचा अभ्रा घेऊन आल्या. शिवण सुटली म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पडदा. तिसऱ्या दिवशी घड्याळजींच्या कोटाचं अस्तर. खोल्यांबद्दल चकार शब्द नाही. कापड ठेवायचं, "सावकाश द्या" म्हणायचं, दादांच्या तोंडाकडे क्षणभर बघायचं आणि जायचं. दादांनी अस्तर उजेडात धरलं. झिजून तुटलेला दोरा टोकाला केसाळ होतो. इथे एकेक टाका ब्लेडने स्वच्छ कापलेला होता. ताई घरातल्या शिवणी उसवून आणत होत्या, रोज नजरेला पडावं म्हणून, बघून काही आठवलं तर आठवावं म्हणून. दादांना त्या अस्तराला हातच लावता येईना.

साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी शपथ घेतली. पुतण्याच्या वकिलाने मूळ कागद पुढे केला आणि घड्याळजींना सही करताना पाहिलं का, असं विचारलं.

दादांनी तो हातात घेतला, आणि सही बघायच्या आधी त्यांचा अंगठा आपोआप डाव्या कोपऱ्यावर गेला. दोन पानं तिथे दोऱ्याने जोडलेली होती. झेरॉक्सवर तिथे नुसती काळी रेघ दिसत होती. दादांनी ती मशिनचा डाग समजून सोडून दिली होती. तपकिरी दोरा, तीन टाके, शेवटचा उलटा, गाठ मागच्या बाजूला आत लपवलेली.

"हा टाका माझा आहे," दादा म्हणाले.

"टाका कोणीही घालेल. तुम्हाला सहीबद्दल विचारलंय."

"सहीचंच सांगतोय, साहेब." दादा आता थांबत नव्हते. "मी सुईत दोरा ओवून ताटकळत उभा होतो, कारण सही ओली होती. माझ्या कापायच्या टेबलावरच केली त्यांनी. खाली गिऱ्हाईकाचं पांढरं कापड होतं, शाई लागली असती. मी फुंकर मारायला गेलो तर मला म्हणाले, लांब हो, थुंकी उडेल. डॉक्टर हसले. मग आम्ही दोघांनी सह्या केल्या. घड्याळजी म्हणाले, टाचणी गंजते, तू टाकाच घाल. मशिनवर तपकिरी पँट होती, म्हणून दोरा तपकिरी."

पुतण्याच्या वकिलाने आणखी चार प्रश्न विचारले. दादांनी चारही वेळा तेवढंच सांगितलं, एक शब्द जास्त नाही.

निकाल लागायला पुढे दोन महिने गेले आणि खोल्या ताईंच्या राहिल्या. पण त्या दिवशी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर बाकावर ताई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दादा शेजारी टेकले, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांना उठावंसं वाटलं नाही.

"अस्तर उद्या देतो," ते म्हणाले. "आता आणखी काही उसवू नका."

ताईंनी मान खाली घातली. "कळलं होय तुम्हाला?"

"शिंपी आहे मी."

"गादीच राहिली होती फक्त," ताई म्हणाल्या, आणि पिशवीत तोंड लपवून रडू लागल्या.