दगडफुलाचं कपाट

खिडकीतून उन्हाची तिरीप टेबलावरच्या दगडफुलावर पडली आणि त्या वाळक्या करड्या पापुद्र्यांतून आईच्या काळ्या मसाल्याचा वास आला. घरापासून इतक्या दूर, डोंगरातल्या या प्रयोगशाळेत मी साफसफाई करते. आठवीतच शाळा सुटली, तरी इथल्या शास्त्रज्ञ बाईंनी मला कामावर ठेवलं. त्यांचे उपकार मी विसरत नाही. आज त्यांनी दगडफूल वनस्पतींच्या कपाटातून बाहेर काढायला सांगितलं, तेव्हा मी घाबरलेच. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

"तुझं नाही गं, कपाट चुकलंय," बाई हसल्या. "पूर्वी याला झाड समजायचे. पण हा बुरशीचा आणि शेवाळाचा एकत्र संसार आहे. आता 'एक जीव' कशाला म्हणायचं, तेच नव्यानं ठरवायला हवं."

"मग ठेवू कुठं?"

"त्याला बसेल असं कपाट अजून नाही आपल्याकडे."

इथे सगळे मला बाहेरची म्हणतात. परवा फोनवर आई म्हणाली, "तुझ्या खोलीत ज्वारीची पोती ठेवलीत. पाहुणी म्हणून आलीस की काढू हो." ती सहज बोलली, पण 'पाहुणी' हा शब्द मनात अडकून राहिला. माझं घर नेमकं कुठलं म्हणायचं?

दगडफुलाकडे पाहत राहिले. कपाट चुकलं म्हणून त्याचं काही बिघडलं नव्हतं. वास तोच होता, अगदी घरचा.

मी त्याच्याभोवतीचं टेबल पुसून घेतलं. त्याला मात्र उन्हातून हलवलं नाही.