साडूच्या शेकोटीवरची दगडी बाई

साडूच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला मी त्याच्या हॉलमधल्या दगडी बाईला कुंकू लावलं आणि तिच्यापुढं नारळ फोडला. भिंतीत बसवलेली पांढरट दगडाची पाटी, तिच्यात कोरलेली बाई, कमरेशी फळांची टोपली, हातात धान्याची कणसं, भोवती वेली. असा दगड दिसला की आमच्याकडं माणूस आधी हात जोडतो, मग विचार करतो. मी विचारापर्यंत पोचलोच नाही.

"अहो साडूभाऊ, देवी न्हाय ती!" साडू भरल्या हॉलमध्ये ओरडला. "इंग्लंडात घरोघरी शेकोटीवर असतंय असलं कोरीवकाम. शोभेचं हाय ते, शोभेचं!"

हा साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा, अकलूजकडचा ऊसवाला. मुलीकडं इंग्लंडला राहून आला, तिथल्या एका जुन्या घरातली भिंतीतली शेकोटी फोनमध्ये भरून आणली आणि इथं हुबेहूब करून घेतली. सोलापुरात! जिथं उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आपणहून उकळायला टेकतं, तिथं शेकोटी. धुराडं नाही. आत लाल बल्ब. पण लोक हसले ते मला.

त्या दिवसापासून घरात पाव्हणा आला की साडू त्याला बाईपुढं उभा करायचा. "हिला आमच्या साडूभाऊंनी नारळ फोडला, बरं का." बार्शीच्या एका लग्नात तर अनोळखी माणसानं मला विचारलं, "नारळवाले जावई तुम्हीच की?" मीही हसलो. पण बायकोच्या माहेरात मी थोरला जावई. माझ्या शब्दाला तिथं वजन होतं. आता मी तोंड उघडलं की आधीच कुणीतरी खुदकन हसायचं. ते वजन मला परत हवं होतं, आणि साडूच्याच हॉलमध्ये.

"बघतोच त्याला," मी बायकोला म्हणालो.

"आधी गिरणीतून दळण आणलं का ते बघा," ती म्हणाली.

सूड मला सासूबाईंच्या गुडघ्यानं दिला. त्या कुंभारीला राहतात, पण गुडघे धरल्यामुळं थंडीत धाकटीकडं आल्या होत्या. वेळ अमावस्येचा सण तोंडावर आलेला. त्या दिवशी शेतात कडब्याची खोप करून पाच दगडांचे पांडव मांडायचे, लक्ष्मी पुजायची आणि उभ्या पिकावर आंबील शिंपडायची. यंदा शेतात जाता येणार नाही म्हणून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी.

मी साडूच्या हॉलमध्ये त्यांच्याजवळ टेकलो. "आई, शेतात कशाला जाताय? कणसंवाली लक्ष्मी हितंच हाय की."

सासूबाईंनी मान वर करून दगडी बाईकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "व्हय की वो, जावईबापू! शेतातलीच हाय ही. तुमी पयल्याच दिशी वळखलंसा!"

साडूच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी डोळे भरून पाहिलं.

"अहो आई, शोभेचं हाय ते..."

"गप बसा. घरात लक्ष्मी आणून शोभेची म्हणताय?"

अमावस्येला कुंभारीच्या बायका टेम्पो करून आल्या. कडब्याच्या पेंढ्या मी स्वतः स्कूटरवर नेल्या. असला उत्साह मी माझ्या लग्नातही दाखवला नव्हता. लाल बल्ब काढून शेकोटीत पाच पांडव मांडले, वर खोप केली. बाईला मळवट भरला, हळदीनं तिचे गाल पिवळे केले. पंगतीत पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे सगळं झालं आणि मग सासूबाई म्हणाल्या, "शिवार शिंपाया पायजे."

"शिवार कुटंय हितं?" साडू कळवळला.

"हाय तेवढं," मी म्हणालो आणि आंबिलीचा गडवा त्याच्याच हातात दिला. सासूबाई पुढं बसून दाखवतायत आणि साडू गालिच्यावर, सोफ्यावर, पडद्यांवर लिंबाच्या डहाळीनं ताक-ज्वारीची आंबील शिंपडतोय. मी मागून ओरडत होतो, "कोपरा राहिला, साडूभाऊ! पीक बुडंल!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि या वेळी माझ्याकडं बघून नव्हे.

संध्याकाळी साडू हात जोडून म्हणाला, "जिंकलंत. आता नारळाचं नाव काढणार न्हाय." मी तरंगतच घरी आलो. बायको मेहुणीकडं थांबली होती. ती अंधार पडल्यावर परतली, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. मी सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.

तिनं पूर्ण ऐकली. मग म्हणाली, "छान झालं. सोफा तिनं पुसला, पडदे मी धुतले, आणि तुम्ही दोघं मर्द तेवढं जिंकलात-हरलात. गालिचा मी रिक्षात घालून आणलाय. वर गच्चीवर आहे. ब्रश आणि साबण शेजारीच ठेवलाय. डाग वाळायच्या आत चला, जावईबापू."