एका तासाला दोन मॅडम

शाळेत किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, स्टाफरूममधल्या चहावर ते आपोआप साचत जातात. त्यात आयर्लंडची एक मुलगी वर्षभर तुमच्यासोबत इंग्रजी शिकवायला आली, तर मग विचारूच नका!

आमची शाळा अर्जुनी मोरगावजवळ. मी तिथं इंग्रजी शिकवते. नोरा आली तेव्हा ठरलं, की वर्गात दोघींनी मिळून उभं राहायचं. ती इंग्रजीत बोलणार, अडेल ते मी समजावणार. कुणाचं अडेल, ते मात्र ठरलं नव्हतं!

* * *

पहिला दिवस. नोरानं हसून विचारलं, "हाऊ आर यू?"

अख्खी सातवी एका सुरात, "आय ॲम फाइन, थँक यू मॅडम!"

मागच्या बाकावर प्रणय डोकं टेकून बसला होता. नोरा त्याच्याजवळ गेली. "हाऊ आर यू?" तो लालबुंद डोळ्यांनी उठला, "आय ॲम फाइन, थँक यू मॅडम" म्हणाला आणि धपकन बसला. मी कपाळाला हात लावला, तर चटका!

"काऊन रे, ताप हाये त सांगाचा नाई का?"

"तापाचा उत्तर शिकवलाच नाई जी तुमी!"

नोराला मी याचं भाषांतर करून सांगितलं नाही.

* * *

मधल्या सुट्टीत नोरा खिचडी खाणाऱ्या एका मुलीजवळ थांबली. "व्हॉट आर यू डुइंग?"

मुलीनं आधी मनात आमच्याकडचं 'मी जेवून राहिली', म्हणजे 'जेवते आहे', असं जुळवलं, मग शब्दाला शब्द ठेवला. "आय ईट अँड स्टे, मॅडम!"

नोरानं मला बाजूला घेतलं. काळजीनं विचारलं, "ही हॉस्टेलला राहते का?"

* * *

नोरा मराठी शिकली ती याच पोरींकडून. पुढं आम्ही दोघी पुण्याला एका प्रशिक्षणाला गेलो. तिथं एका मॅडमनी कौतुकानं विचारलं, "अय्या, तुम्ही मराठी शिकताय?"

नोरा गोड हसून म्हणाली, "शिकून राहिली न जी! तुमाले कायले पायजे?"

चहाच्या वेळी त्या मॅडम माझ्याकडं आल्या. "यांना मराठी कुणी हो शिकवलं?"

मी म्हटलं, "मोबाइलनं!"

* * *

आमचे मुख्याध्यापक रहांगडाले सर माणूस सोन्यासारखा, पण इंग्रजीत दोनच शब्द: "नो प्रॉब्लेम!"

एकदा नोरा धावत त्यांच्या ऑफिसात आली. "सर, देअर इज अ स्नेक इन द बाथरूम!"

"नो प्रॉब्लेम!"

त्यांच्या शांतपणानं तिला धीर आला. ती परत गेली, लगेच माघारी आली. "सर, इट इज स्टिल देअर!"

"येस येस, नो प्रॉब्लेम!"

तेवढ्यात मी पोचले. म्हटलं, "सर, बाथरूममधी साप हाये म्हनते ते!"

सर खुर्चीवर चढले ते धामण शेतात जाईपर्यंत उतरले नाहीत.

* * *

आणि आमची स्नेहल. हुशार पोरगी, पण नोरासमोर वर्षभर इंग्रजीचा एक शब्द नाही. नोरानं गाणी म्हटली, चित्रं काढली, हातवारे केले. स्नेहल नुसती मान हलवायची. निघायच्या आदल्या दिवशी नोरा मला म्हणाली, "बाकी सगळं जमलं. या एका मुलीपाशी मी हरले." डोळे भरले होते तिचे.

निरोपाला सगळी शाळा बसस्टँडवर. नागपूरहून तिचं विमान. रहांगडाले सरांनी स्वतः बॅगा गाडीत चढवल्या, मी तिला खिडकीजवळ बसवलं, दोघी रडलो. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली.

आणि गर्दीतून स्नेहल सुटली! दोन्ही हात हलवत गाडीमागं धावली. "मॅडम! स्टॉप! प्लीज स्टॉप! कम डाउन, मॅडम!"

गाडी थांबली. नोरा रडत-हसत खाली उतरली आणि तिनं स्नेहलला मिठीच मारली. "यू स्पोक! स्नेहल, यू स्पोक!"

स्नेहलनं धापा टाकत स्वतःला सोडवून घेतलं आणि गाडीच्या पाटीकडं बोट केलं.

"मॅडम, दिस इज गोंदिया बस!"